शिडीखालचे उस्ताद

तळहातांना ॲल्युमिनियमचा वास आला की इथे सुरतेतही मला उस्ताद आठवतात.

शाळा सोडून मी भंडाऱ्याला त्यांच्या हाताखाली आग विझवण्याचं काम शिकत होतो. गावी भाताच्या तणसाच्या ढिगाला शिडी उभीच लावतात, टोक तणसात रुतून बसतं. तशीच मी तिथली ॲल्युमिनियमची शिडी भिंतीला लावली आणि चढलो. वरचं टोक भिंतीपासून सुटलं, मी शिडीसकट मागे झुकलो.

"उस्ताद, पडलो जी!"

उस्तादांनी खालून शिडी भिंतीकडे रेटली. "अबे, चिपकून राह्य! पडशील त माह्याच अंगावर पडशील. उतर आता, जावयासारखा, हळूहळू."

उतरलो. शिडीवर आवळलेली त्यांची बोटं उघडेनात. मीच एकेक सोडवली. तेव्हा वाटलं, केवढी ही ताकद! आता मीही दुसऱ्यांची शिडी धरतो, म्हणून कळतं. ते माझ्याहून जास्त घाबरले होते, आणि तरी जागचे हलले नव्हते.