अंकुशचे दोन राक्षस

अंकुश गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या मंडईत भाजी घेत होतो. वडवणीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली सुटली आणि थेट त्याच्या शेळ्यांवर आली. शेळ्या बाजूला हाकलता हाकलता तो स्वतःच खाली सापडला. त्याची बायको, सखूवहिनी, फोनवर रडत नव्हती, शिव्या देत होती. ट्रॅक्टरवाल्याला, रस्त्याला, आणि मग अंकुशलाही. मला ते बरंच वाटलं. असल्या माणसाला हळू आवाजात रडून निरोप देणं शोभलंच नसतं.

वडवणीच्या पलीकडे आमचं गाव. आम्ही दोघं एका वर्गातले. मी शिकून बीडला नोकरीला लागलो, तो शेळ्या राखत राहिला. पण जत्रेतल्या नाटकासाठी मी दर वर्षी गावी जायचो. नाटक आमच्या शाळेतल्या गुरुजींनी रचलेलं, राक्षसांचं. त्यात दोन दुष्ट... माणसांची हाडं फोडून खाणारा अस्थिकाळ आणि डोहातून वर येऊन माणसं ओढून नेणारा जळमुख. मी पडद्याआडून संवाद सांगायचो आणि दोन्ही राक्षस अंकुश करायचा, कारण तसला आवाज गावात दुसऱ्या कुणाला नव्हता. एका अंकात हा, पुढच्या अंकात तो. एका वर्षी राजाच्या बाणाने अस्थिकाळाचा डावा खांदा फुटला, तो लाल रंग धुवायला वेळ मिळाला नाही, आणि जळमुखही रक्ताळलेला डावा खांदा घेऊनच डोहातून वर आला. झालं! गावात दोन तट पडले. हे दोघं वेगळे, की एकच जीव दोन रूपांनी हिंडतोय? गुरुजींना विचारावं तर ते तोवर वारलेले. टपरीवर या वादात कॉलर धरल्या गेल्या, आणि वडवणीच्या बाजारात तर आमच्याच गावच्या दोघांनी एकमेकांचे दात पाडले. अंकुश हसून हसून लोळायचा. "माह्या आंघोळीच्या आळसापायी लोकायचे दात पडले की बे!" म्हणायचा.

हे हसणं त्याच्या धाकट्या भावाचा हात मोडला त्या जत्रेपर्यंत टिकलं. बाळू नाटकात राजपुत्र व्हायचा. त्या दिवशी सकाळी कळप वाटून घेण्यावरून दोघा भावांची जुंपली होती आणि चार माणसांत बाळू त्याच्या तोंडावर थुंकला होता. विजेचा भरवसा नसल्याने आमचं नाटक भर दुपारी लागायचं. अस्थिकाळ गदा उगारून राजपुत्रावर धावला. गदा बाभळीची, भरीव. नेहमी ती जमिनीवर आपटायची. त्या दिवशी ती बाळूच्या कोपरावर आली. हाड मोडल्याचा आवाज मला पडद्याआड ऐकू आला. बाळू किंचाळला आणि लोकांना वाटलं, वा, काय काम केलं पोरानं! शिट्ट्या सुरू झाल्या, टोप्या उडाल्या, "वन्समोर! वन्समोर!" आमच्याकडे मारामारीला वन्समोर मिळाला की ती पुन्हा करून दाखवायची, असा रिवाजच होता. अंकुशने गदा परत उचलली... मी मधे धावलो, पण पोचायच्या आत दुसरा घाव बसला होता. मग मात्र त्याने गदा फेकून दिली, डोक्यावरच्या राक्षसाच्या शिंगांनिशीच बाळूला खांद्यावर घेतलं आणि पळत रस्ता गाठून एका जीपसमोर आडवा उभा राहिला. दवाखान्यात हात वाचला, पण तो कोपरात कायमचा वाकडा झाला.

त्यानंतर अंकुशने अस्थिकाळ कधी केला नाही. फक्त जळमुख. आणि गावाच्या वादात आता तो स्वतः उतरला. "दोघं येगळे हायेत," तो म्हणायचा. "मारलं ते अस्थिकाळानं. जळमुख तवा डोहात व्हता. मी जळमुख हाय." कुणी 'एकच' म्हटलं की अंगावर धावून जायचा, एकाची तर त्याने टपरीच्या बाकड्यावर मान दाबून धरली होती. लोक त्याला येडा म्हणायचे. मला मात्र दिसत होतं की हा माणूस राक्षसांचा नाही, स्वतःचा खटला लढतोय. बाळूचं घर भिंतीला भिंत लागून, पण त्याने अंकुशशी बोलणं सोडलं होतं. त्याचं मागणं एवढंच होतं, "एकदा म्हण, मी मारलं. लई झालं मला." तेवढं अंकुशच्या तोंडून काही केल्या निघत नव्हतं.

आमची शेवटची भेट त्याच्या घरीच झाली. "तू बाळूला सांग ना," तो मला म्हणाला. "दोघं येगळे व्हते म्हणावं. तू पडद्यामागून समदं पाह्यलंस. तुझं ऐकल त्यो."

मी म्हणालो, "अंकुश, एकच होता रे."

त्याने हातातला चहाचा ग्लास भिंतीवर फोडला. "कावून बे? तू बी?" मग तोच खाली बसून काचा गोळा करू लागला, बोटांतून रक्त यायला लागलं तरी थांबेना. मी बोललो त्याचा मला पश्चात्ताप नाही. राग मात्र आजही येतो. शेळ्यांसाठी ट्रॉलीपुढे उडी घ्यायला याची छाती होती आणि भावासमोर एक वाक्य बोलायला नव्हती! असा हा माणूस... आणि माझा त्याच्यावर फार जीव होता, हेही सांगून टाकतो.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. समोरच्या झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. काहीतरी मागे राहिलंय म्हणून जो तो पुढे होऊन शब्द देऊ लागला. शेळ्या विकणार नाही, म्हणून सांगून झालं. पोरीचं शिक्षण थांबवणार नाही, म्हणून वहिनीने सांगितलं. ऊन डोक्यावर आलं. बाळू लांब उभा होता, सगळ्यांकडे पाठ करून. कुणी त्याला बोलवायला धजेना. शेवटी तो स्वतःच वळला आणि माणसं ढकलत पिंडापुढे येऊन ओरडला, "एकच व्हता, दादा! तूच व्हतास! मारलं बी तूच आन खांद्यावर घिऊन पळाला बी तूच. तुला म्हणाया आलं न्हाई, मी म्हणतो. आता जा!"

एवढं बोलून तो खाली कोसळला आणि वाळूतल्या दगडांवर कपाळ आपटू लागला. आम्ही सगळे त्याच्यावर पडलो, पण तो आवरेना. वाकड्या हातात एवढी ताकद असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. वहिनीने त्याचं रक्ताळलेलं डोकं मांडीवर घट्ट दाबून धरलं तेव्हा कुठे तो शांत झाला. मग आम्ही मागे वळून पाहिलं, तर पिंड विस्कटलेला होता. कावळा कधी शिवून गेला, ते कुणी पाहिलंच नव्हतं.