चौकशीला बसवलंय

मंगळवारी सकाळी शिफ्ट सुटल्यावर माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी चाकणच्या कंपनीच्या गेटवरूनच नेलं. स्टोअरमधून तांब्याची केबल गेली होती आणि त्या पाळीला हा कंत्राटी कामगार. दापोडीला आमच्या घरी ठाण्यातून फोन आला तो असा: "अटक नाही, नुसतं चौकशीला बसवलंय. संध्याकाळी सोडतो."

आईचा जीव भांड्यात पडला. "अटक न्हाई म्हनत्यात," असं ती शेजारणींना सांगत सुटली. माझं मात्र डोकं फिरलं. स्पर्धा परीक्षेसाठी दोन वर्षं मी संविधान घोकलं होतं. पूर्व परीक्षा काही निघाली नाही, पण कलम बावीस पाठ राहिलं. अटक केली की कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. पण अटकच नाही म्हटल्यावर ते चोवीस तास सुरू कुठून होणार? नुसतं बसवलेल्या माणसाला किती दिवस बसवायचं, हे कुठल्या कागदावर येणार? दिवसभर मी दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या मारत होते.

बुधवारी अकरा वाजता आम्ही मायलेकी ठाण्यात गेलो. मी घरून लिहून नेलेला अर्ज पुढे केला आणि पोच मागितली.

हवालदार म्हणाला, "ताई, घरी जा. संध्याकाळी सोडतोय."

"काल फोनवर पण हेच सांगितलंत. सोडा, नाहीतर अटक लिहा. वेळ टाकून लिहा."

आईने माझा दंड असा धरला की वळ उठले. "सख्ख्या भावाला अटक करा म्हनतीस? त्यानं चोरी केली न्हाई गं!"

"केली असेल तरी चोवीस तासांत कोर्टापुढे न्यायलाच लागतं!" मी ओरडले. आवाज चढतच होता. हवालदार अर्ज घेऊन आत गेला.

अर्ध्या तासाने भाऊ बाहेर आला. पोच मिळाली नाही. तो चोवीस तासांच्या वर तिथे होता याचा एकही कागद नाही.

बसने कासारवाडी गाठली. तेव्हा तो म्हणाला, "ताई, आत सगळं ऐकू येत होतं. 'केली असेल तरी' म्हणालीस ना?"

मी त्याला समजावू लागले की कलम चोराला आणि सावाला एकच असतं, चोराला नसेल तर सावालाही उरत नाही. अजूनही मला ते शब्दन् शब्द खरं वाटतं. त्याने मला मध्येच तोडलं.

"कलम राहू दे. तुला काय वाटतं?"

"तू नाही केलीस," मी म्हणाले. पण ते मी कलमाच्या नंतर म्हणाले, आणि त्याने ते बरोबर हेरलं. घरात आता तो आईशीच बोलतो.