पहिल्या सुरांचा धनी

नॉर्मनला क्लाइव्हने फसवलं. दोघे एकाच ब्रिटिश बँडमधले. नॉर्मन गिटार वाजवायचा, क्लाइव्ह गायचा, गाणी दोघे मिळून रचायचे. मी कोल्हापुरात पंचवीस वर्षं गिटारी विकतो. पारखायला गिटार हातात घेतली की गिऱ्हाईक त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) वाजवतं. शब्द कुणालाच येत नाहीत.

२००६च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पुतण्या समीरकडे, एडिसनला उतरलो. ओक ट्री रोडवर साड्या, सोनं, दाबेली पाहून झाल्यावर सीडीच्या एका दुकानात शिरलो. तिथे त्या बँडच्या जुन्याच गाण्यांची नवी सीडी होती. मालक म्हणाला, इथे भाव करत नाहीत. केला.

गाडीत बसून आतला कागद वाचला. माझ्याकडच्या जुन्या रेकॉर्डवर गाणी रचणारे म्हणून दोघांची नावं आहेत. इथे एकटा क्लाइव्ह.

"टायपो असेल, काका," समीर म्हणाला.

"बाराही गाण्यांत?"

त्याने इंटरनेटवर शोधलं. नॉर्मन आता ओहायोतल्या डब्लिनला, वाद्यांच्या एका दुकानात गिटार शिकवत होता.

"आठ-नऊ तासांचा ड्राइव्ह आहे. आधी फोन करू ना."

"फोनवर सौदा होत नाही."

शनिवारी पहाटे निघालो. पेनसिल्व्हेनियाचे हिरवे डोंगर संपता संपत नव्हते. रेस्ट एरियात (हायवेवरच्या विसाव्याच्या जागी) पुरी-भाजी खाल्ली. लोणचं समीरच्या पँटवर सांडलं, त्या भांडणात हायवेवरून उतरायची एक एक्झिट चुकली. डब्लिनला पोहोचलो तर सगळीकडे कातरलेलं गवत, आणि रस्त्यावर माणूस नाही.

नॉर्मन त्या वाद्यांच्या दुकानातच भेटला. साठीचा, सडपातळ. कोल्हापूरहून आलोय म्हटल्यावर त्याने चहा टाकला. मी सीडी पुढे ठेवली.

"आमच्याकडे रिवाज आहे," तो म्हणाला. "शब्द आणि गायची चाल आणणारा, गाणं त्याचं. गिटार म्हणजे सजावट. जुन्या रेकॉर्डवर क्लाइव्हने मैत्रीखातर माझं नाव घातलं होतं. आता म्हणाला, कागद नीट करू. मी सही केली."

"न वाचता?"

"सात वर्षं आम्ही एका व्हॅनमध्ये झोपलो, भाऊ."

समीरने भाषांतर करताना शेवटचा शब्द स्वतःचा घातला असावा. माझं डोकं तापलं. मी नॉर्मनला म्हटलं, गिटारशिवाय ते गाणं गा. त्याने गायलं. दुकानातल्या कुणी मान वर केली नाही. मग म्हटलं, आता नुसती गिटार वाजव. चौथ्या सुराला ड्रम बघणाऱ्या बाईंनी वळून गाण्याचं नाव सांगितलं.

"सजावट ओळखली बघा त्यांनी," मी म्हणालो.

नॉर्मन हसला नाही. "माझ्या मुलीनेही हीच सीडी घेतली. माझं नाव शोधलं. मग विचारलं, डॅड, तू आम्हाला इतकी वर्षं थापा मारत होतास का? मी काय दाखवू तिला? सही माझीच आहे."

मी तीन वेळा सांगितलं, वकील गाठ. तो म्हणाला, मला भांडता येत नाही.

मला येतं. परतीच्या विमानात झोप लागली नाही. दुसऱ्याने रचलेलं आपल्या नावावर करायचं आणि त्याला रिवाज म्हणायचं, असले व्यवहार मी बाजारात खूप पाहिलेत. पण बापाला लेकीसमोर खोटं पाडणारा व्यवहार पाहिला नव्हता. क्लाइव्ह, ते सूर तू रचलेस का? नसशील तर तिच्या दारात जा आणि तिला सांग, कोणी रचले ते.