साडीच्या काउंटरवरची मराठी

मंडळी, आज सकाळी भिलाईत आमच्या सेक्टरमधलं जुनं शॉपिंग सेंटर पाडताना दिसलं. फोटो काढून आईला पाठवला. लगेच तिचा फोन आला, "साडीवाल्याचं दुकान दिसते का त्यात?"

ऐंशीच्या दशकात, छत्तीसगड वेगळं व्हायच्या आधी आपण मध्य प्रदेशात होतो तेव्हा, पगाराच्या दिवशी तिथे सायकल ठेवायला जागा मिळत नसे. पुढे जवळच्याच सुपेल्याचा बाजार वाढला आणि इथली दुकानं एकेक करून बंद झाली. साडीवाले काका शेवटपर्यंत टिकले.

आई त्यांच्याशी हिंदीत बोलायची. सोबत आलेल्या मावशीशी मात्र तिथेच, काउंटरवर, मराठीत. "रंग पाहून घे. घेऊ सुपेल्यातून, तिथं स्वस्त भेटते." काका दहा साड्या उलगडून दाखवत, आणि आम्ही "बाद में आते हैं" म्हणून निघत असू.

दुकान बंद होणार म्हणून सेल लागला, तेव्हाही आम्ही गेलो. आई सवयीनं मावशीला म्हणाली, "आता तरी भाव कमी करते का पाहू."

काका साडीची घडी घालत मराठीत म्हणाले, "करतो ना ताई. मी गोंदियाचा आहो. सुपेल्याचे भाव मले इतके वर्षं तुमच्याकडूनच तर समजत होते."

आईनं भाव न करता दोन साड्या घेतल्या.

आज फोनवर विचारलं, त्या साड्या कुठे आहेत? म्हणाली, "कपाटात आहेत. नेसाले मनच नाही झालं."

तुमच्या घरी आहे का अशी एखादी न नेसलेली साडी?