वाढत्या अंगाचं वचन

नाताळाच्या आधीच्या रविवारी आमच्या पांढरकवड्याच्या ख्रिस्ती मंडळीत बायबलच्या जुन्या करारातली राजांना दिलेली वचनं वाचतात. कोणत्या घरानं कोणतं वाचायचं हे ठरलेलं. दावीद राजाला दिलेलं वचन आमच्या घराकडे. ते बाबा वाचायचे, वहीत स्वतः उतरवून घेतलेलं. त्या वर्षी त्यांची नजर पार गेली आणि वाचन माझ्यावर आलं. त्यांचं अक्षर मला लागत नाही, म्हणून मी सरळ छापील पवित्र शास्त्र उघडलं.

वचन असं, की देव दावीदाला सांगतो, तुझ्या लेकाचं राज्य मी कायम ठेवीन, मी त्याचा बाप होईन, तो माझा लेक. एवढं लहानपणापासून ऐकून पाठ होतं, आणि तो लेक म्हणजे येशू, हेही. पण लगेच पुढे एक ओळ निघाली, ती मी जन्मात ऐकली नव्हती. त्यानं वाईट केलं तर त्याला छडीनं मारीन, पण माझी दया त्याच्यावरून काढून घेणार नाही. वाचून गेले आणि मग लक्षात आलं, की बाबांनी ही ओळ वहीत उतरवलीच नव्हती. ते पुढच्या बाकावर मान वर करून बसले होते.

माझा मोठा भाऊ तेव्हा तीन वर्षं घराबाहेर होता. हैदराबाद रोडवर ट्रक चालवायचा. एकदा पिऊन उपासनेला आला आणि भर प्रार्थनेत बरळला. बाबा मंडळीतले जबाबदार माणूस. त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, सुधरल्याशिवाय माझ्या दारात पाय ठेवू नको. तो राळेगावला खोली करून राहिला. दर नाताळाला मी बाबांशी भांडायचे, यंदा तरी बोलवा. ते हूं की चूं करत नसत.

घरी आल्याबरोबर बाबा म्हणाले, "ते कायले वाचलं?"

"छापलं आहे म्हणून वाचलं. तुम्ही काहून गाळत होते?"

"ते शलमोनासाठी आहे, दावीदाच्या सख्ख्या लेकासाठी. येशूनं पाप केलंच नाही, त्याले छडी कायची?"

"वा रे वा! देव एका दमात बोलला. त्यातलं गोड तेवढं येशूचं आणि मार तेवढा शलमोनाचा?"

मी तशी तोंडाची फटकळच. बाबा चिडले नाहीत. वर्षानुवर्षं मंडळीतल्या मुलांना पवित्र शास्त्र शिकवलेला माणूस. म्हणाले, "लेकराचा सदरा वाढत्या अंगाचा शिवते नं, तसं ते वचन. शलमोनाले ढगळ झालं. त्याच्या मागून आले त्यायलेही ढगळच. मंग राज्य बुडालं, शहर जळालं, सिंहासनही गेलं. पण देवाचं वचन खोटं कसं म्हणावं? म्हणून लोक वाट पाहत राह्यले, कोणाच्या अंगाले बरोबर बसते. आपण म्हणतो, येशूच्या."

ज्यांचं हे मूळ शास्त्र, ते यहुदी लोक असं वाचत नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी बाबांचं म्हणणं मला पटलं, आजही पटतं. पण त्या दिवशी मला माझा भाऊ घरी हवा होता, बाकी काही नको.

"सदरा येशूचा, कबूल," मी म्हटलं. "पण ज्याले ढगळ झाला, त्या लेकाले देवानं हाकलून देलं काय?"

बाबा उठून आतल्या खोलीत गेले. संध्याकाळी म्हणाले, "ती ओळ वाच बरं." मी वाचली. "अजून एकदा." पुन्हा वाचली. मग म्हणाले, "फोन लाव त्याले."

फोन त्यांनी दोन्ही हातांनी कानाला धरला. म्हणाले, "जेवला काय?" तिकडून भाऊ रडायला लागला. नाताळाला ये, एवढं सांगून बाबांनी फोन माझ्याकडे दिला. मला इतका आनंद झाला, की मी रात्रीच करंज्यांचं पीठ भिजवलं.

नाताळाच्या सकाळी तो एसटीनं आला. दारात उभा राहिला आणि दारूचा भपकारा आला. माझं डोकंच फिरलं. "आजच्या दिवशीही? लाज वाटत नाही तुले? जा आल्या पावली!" दोन्ही हात चौकटीला लावून मी उभी.

बाबा भिंत चाचपत आले. वास त्यांनाही आला असणारच.

"सरक," ते मला म्हणाले. "मारायचं तं मंग मारू. आधी आत येऊ दे त्याले."

मला सरकायला वेळ लागला.