कांचनने टोचलेल्या नऊ गायी

आम्ही यतीनसाठी मुलगी बघायला गेलो, तर मुलगी घरात नव्हती. शेजारच्या गोठ्यात अडलेली गाय सोडवत होती. कोपरापर्यंत हात धुऊन ती पोहे घेऊन बाहेर आली आणि मी यतीनला सगळ्यांदेखत म्हणालो, "लेका, हीच!" आजही ते आठवलं की मी एकटा हसतो.

तर ही कांचन, माझी सून. परभणीची गुरांची डॉक्टर. सहा वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली. २००१ साली यतीनबरोबर टेक्सासात प्लेनोला गेली आणि तिची डॉक्टरकी बंद झाली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईनं काम करायचं नाही, असा तिकडचा कायदा. तिनं तरी परवान्याच्या परीक्षांचा अभ्यास धरला. स्वयंपाक करताना ओट्यावर पुस्तक उघडं. २००६ साली ग्रीन कार्ड आलं. आता फक्त हातानं काम करून दाखवायची शेवटची परीक्षा उरली होती.

त्या उन्हाळ्यात मी तिकडे होतो. दर शनिवारी ती मला घेऊन हायवेनं तासभर लांब ड्वेनच्या कुरणावर जायची. नुसतं बघायला, जनावराची सवय राहावी म्हणून. ड्वेन सत्तरीचा, विधुर. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "गायी दूध किती देतात?" कांचननं इंग्रजीत सांगितल्यावर म्हातारा पोट धरून हसला. गायी मांसासाठी होत्या. मला जरा कसंतरीच झालं. पण त्याच्या जुन्या गायींना आपल्या गीरसारखं वशिंड होतं. एकीची गळ्याखाली लोंबणारी पोळी खाजवली तर ती मान लांब करून उभी राहिली. टेक्सासात काय न् आमच्या गावात काय, गाय ती गायच.

मे महिन्यात ड्वेननं उत्तरेच्या थंड मुलखातून अकरा काळ्या गायी आणल्या. कांचन त्याला म्हणाली, "यांनी जन्मात गोचीड पाहिलेली नाही. तुमच्या जुन्या गायींच्या रक्तात गोचीड-ताप मुरलाय, त्यांना काही होत नाही. तीच गोचीड यांना चावली तर या मरतील. वेगळ्या ठेवा."

"पन्नास वर्षं गुरं पाळतोय, डॉक," ड्वेन म्हणाला. "तुझ्या वयापेक्षा जास्त."

जुलैतल्या एका शनिवारी गेलो, तर दोन काळ्या गायी मरून पडलेल्या. बाकीच्या नऊ मान खाली घालून उभ्या. त्यातलीच एक तापानं बिथरून माझ्या अंगावर धावून आली. धोतर असतं तर गेलंच असतं! कांचननं एकीची पापणी ओढली. आत हळदीसारखं पिवळं. ड्वेन गाडी काढून त्यांना आवारात हाकलायला निघाला, तशी ती गाडीपुढे उभी राहिली.

"पळवलंत तर वाटेतच पडतील. गोचीड-तापानं अंगात रक्तच उरलेलं नाही."

तिनं खाद्याची बादली वाजवत त्यांना पावलापावलानं आत नेलं. ड्वेनचा डॉक्टर परगावी होता, सोमवारी येणार होता. औषधाची बाटली ड्वेनच्या फ्रिजमध्ये होती, पण वयामुळे आता त्याचे हात कापायचे. तो म्हणाला, "तू टोच, डॉक."

कांचन माझ्याकडे वळली. "बाबा, परवाना नसताना दुसऱ्याच्या जनावराला टोचलं तर माझी परीक्षा जाईल."

"इथं कोण बघतंय?" मी म्हणालो. "गाय मरतेय आणि तू कागद काय धरून बसलीस?"

तिनं टोचलं. ड्वेन सगळ्या कळपाला एकच सुई वापरायचा. हिनं प्रत्येक गाईला नवी घेतली. नऊच्या नऊ जगल्या.

परतताना गाडीत ती म्हणाली, "हे घरातच राहू द्या हं, बाबा."

"अगं, मी कशाला बोलतोय!"

गणपतीत मराठी मंडळाचं जेवण होतं. मसालेभाताच्या रांगेत कुणीतरी विचारलं, "काका, सूनबाई काय करतात?" मी तोंड उघडायच्या आत दुसरा म्हणाला, "घरीच असतात ना त्या." ते 'घरीच' मला झोंबलं. मी सगळं सांगितलं. धावून आलेली गाय अंगविक्षेपांसकट! लोक हातात ताटं धरून हसत होते. तीनदा सांगायला लावलं. मंडळाची चिटणीस सीमा म्हणाली, "काका, हे मी अंकात घेतेच." घेतलं. मुलांना वाचता यावं म्हणून इंग्रजीतही, वेबसाइटवर, ड्वेनच्या नावासकट.

नोव्हेंबरात, मी परत निघायच्या आधी, डॉक्टरकीचा परवाना देणाऱ्या सरकारी मंडळाचं पत्र आलं. सोबत त्याच लेखाचा छापलेला कागद. कुणी पाठवला ते कळलं नाही. कांचनचा परवान्याचा अर्ज रद्द झाला होता.

ती ओट्याशी उभी राहून वाचत होती. मी म्हणालो, "मी लिहितो त्यांना. चूक माझी आहे."

"काय लिहिणार, बाबा? गोष्ट खोटी होती म्हणून?"

तिनं पत्राची घडी केली आणि कुकर लावला.

त्या नऊ गायी ड्वेननं पुढच्याच वर्षी कत्तलीला काढल्या. त्यासाठीच होत्या त्या. कांचन आता एका दुकानात लोकांच्या कुत्र्यांचे केस कापते, नखं काढते. हे मला यतीनकडून कळलं. पूर्वी फोनवर ती मला त्या दिवशी पाहिलेलं एकेक जनावर रंगवून सांगायची. आता मी विचारलं तर म्हणते, "काही विशेष नाही, बाबा. तुमचं कसं चाललंय?"