लेकीच्या दारातलं चार्जिंग

आमच्यात रीत आहे. लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाय. माझी लेक कन्नडला दिली. लग्नाला लई वर्षं झाली, पाळणा काय हलला नाय. मी दारातूनच खुशाली विचारायचो आन् निघायचो.

मी शहरात पोराकडं राहतो. तो नको म्हणत असताना थोडी मेंढरं विकून मी ही बॅटरीवरची जुनी चारचाकी गाडी घेतली. उरलेली मेंढरं कन्नडपल्याड वस्तीवर भावाकडं आहेत. ती बघायला शहरातून स्वतः गाडी चालवत जायचं, कुणाच्या जीपला लोंबकळायचं नाय, एवढाच माझा हट्ट. आधी एका चार्जिंगमध्ये जाऊन यायचो. आता बॅटरी थकली. जाणं होतं, येणं होत नाय.

शोरूमवाला म्हणाला, "बाबा, अख्खी बॅटरी बदलावी लागंल, तेवढ्या पैशात दुसरी जुनी गाडी येईल. थोडं थांबा, स्वस्तातल्या येतायत. पुढं तर बिघडले तेवढेच सेल बदलून मिळतील."

"पुढं म्हंजी कधी? मी हाय तवर का?"

चितेगावच्या मिस्त्रीनं तर हातच लावला नाय. "आत कंप्युटरचं कुलूप आहे, चाचा. मी खोललं तर गाडी चालूच होणार नाय." विकावी म्हटलं, तर गिऱ्हाईक आधी बॅटरीचंच विचारतं.

वस्तीवर दिवसा लाईट नसते. राहिलं लेकीचं दार. ती खिडकीतून वायर सोडायची. मी काचा खाली करून, घरून आणलेली बाटली मांडीवर घेऊन गाडीतच बसून राहायचो. येणारेजाणारे वाकून बघायचे.

यंदा वैशाखात बाटली लवकर संपली. लेक तांब्या घेऊन आली. मी मान हलवली. ती तशीच आत गेली आन् प्लग उपटला.

"काय केलंस गं?"

"रीत पाळली, आबा. माझ्या घरचं पाणी चालत नाय, मग करंट कसा चालतो?"

"करंट काय माझ्या पोटात जातो का?"

"गल्लीतल्या बाया मला तोंडावर वांझ म्हणतात. तुम्ही इथं दारात बसून, न बोलता म्हणता."

रस्त्यावर जीपवाले शहराच्या सीटा ओरडत होते. गाडी तिथंच टाकून जावं म्हणून मी दार उघडलं. लेक बाहेर येऊन गाडीच्या दारालाच आडवी उभी, हातात तांब्या. गाडीत होता तेवढा करंट वाटेतल्या वेरूळपर्यंतसुद्धा पुरला नसता.

मी तांब्या घेतला. उभ्यानंच सगळा प्यालो. माठातलं पाणी होतं. तिनं रिकामा तांब्या घेतला, आत जाऊन प्लग लावला आन् खिडकीतनंच म्हणाली, "आता आत या. भाकरी टाकते."

"इथंच बरंय."

"आबा!"

चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. गाडी भरायला अख्खी दुपार बाकी होती, पळून जायचीसुद्धा सोय नव्हती.